विंगेतून आलेली ओळ

आमची पहिली भेट म्हणजे त्याने माझ्या पायावर दिलेला पाय. नाटकाची तालीम, विंगेत मिट्ट काळोख, आणि हा नायक चष्मा काढून आलेला!

“आई गं! दिसत नाही का?”

“नाही ना! चष्म्याच्या दुकानात काम करतो, पण चष्मा काढला की मला सगळं धुकंच. माणसं आवाजावरून ओळखतो. तुमचा आवाज... आता लक्षात राहील.”

झालं! तेव्हापासून तो दिसला की मी पडद्याआड. दादा मला भित्री भागूबाई म्हणतो ते उगाच नाही. मी नाटकात होते, पण विंगेतच, प्रॉम्प्टिंगला. कुणी अडलं की पुढची ओळ कुजबुजायची. दिग्दर्शक माझा मामा आणि नायिका त्याची मुलगी, म्हणजे माझी ताई.

नाटक जुनं, शोकांत. परगावी निघालेला नायक विचारतो, “जाऊ का?” तिचा त्याच्यावर जीव, तरी बराच वेळ गप्प राहून ती म्हणते, “जा.” तो जातो आणि वाटेतल्या पुलावर मारला जातो.

“पण ती ‘जा’ म्हणते का?” मामा रोज डोकं धरून बसायचा.

“घरच्यांच्या धाकानं,” ताई म्हणायची.

“प्रेमच नसणार,” आमचा नायक म्हणायचा. “असतं तर थांबवलं नसतं?”

एकदा माझ्या तोंडून निघूनच गेलं, “ती घाबरते हो! ‘थांब’ म्हटलं आणि तरीही तो गेला तर? ‘जा’ म्हटलं की निदान आपल्या सांगण्यावरून तरी गेला...”

डोळे बारीक करून तो माझ्या दिशेनं बघत राहिला. “तुला बरं माहीत!”

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी पडद्याची दोरी तपासत होते. तो शेजारी येऊन उभा राहिला.

“मला दूरच्या शहरात नोकरी लागलीय. भिंगांच्या कारखान्यात. उद्या सकाळची गाडी आहे. इथले मालक म्हणतायत, राहा, दुकान तूच सांभाळ...” तो घुटमळला. “जाऊ का?”

मी दोरीची गाठ उगाच आणखी घट्ट ओढली. “जा की! मी कोण अडवणारी?”

“बरं,” एवढंच म्हणाला आणि नेहमीसारखा चष्मा माझ्या हातात ठेवून तोंड रंगवायला गेला. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

तो प्रवेश आला. “जाऊ का?” त्याने ताईला विचारलं. ती गप्प. गप्पच... आणि मग तिने मूठ मिटली. आमची खूणच होती ती. ओळ विसरले, सांग! अगं, एका अक्षराची ओळ!

मी तोंड उघडलं. “नको जाऊस.”

ताई बिचारी, विंगेतून येईल ते बोलायची सवय. तिने जीव तोडून म्हटलं, “नको जाऊस!”

समोरच्या विंगेत मामाने कपाळावर हात मारला. माझी तर पाचावर धारण बसली. नायक थांबला तर कसला पूल आणि कसलं मरण! पण तो ताईकडे बघतच नव्हता. आवाज जिथून आला, तिकडे वळला होता.

“हेच ऐकायचं होतं गं,” तो म्हणाला. हे नाटकात कुठेच नव्हतं. “आता पुलापर्यंत जाऊन येतो. मग कुठेच जाणार नाही.”

टाळ्या पडल्या. तो थेट माझ्या विंगेत.

“ओळ चुकलीस.”

“नाही चुकले.” मी त्याचा चष्मा घट्ट धरून ठेवला. “उद्या नको जाऊस. आणि जायचंच असेल तर आत्ताच सांग... मला फार भीती वाटते रे.”

माझ्या हातातला चष्मा घेऊन त्याने डोळ्यांवर चढवला, मला नीट बघितलं. “मला काय कमी वाटत होती? ज्याला जायचंच असतं, तो ‘जाऊ का’ विचारतो कशाला, वेडाबाई?”

“म्हणजे...?”

“थांबतोय. फक्त आधी मरून येतो.” चष्मा पुन्हा माझ्या हातात.

“असं बोलू नकोस ना!”

पुलावर तो कोसळला तेव्हा, सगळं खोटं आहे हे ठाऊक असूनही, माझी नजर त्याच्या छातीवर. हलतेय ना? हलत होती. आणि चेहऱ्यावर भलंमोठं हसू!

“हसतोस काय गाढवा,” मामा दबक्या आवाजात ओरडला, “मेलायस ना तू!”