कोरी बिलं

"ताई, दुकानाचे पैसे गेले कुठे?"

धाकट्याने हे विचारलं तेव्हा भाजीचं भांडं ताईच्या हातातच राहिलं. ज्या पोराला आईवडिलांच्या माघारी तिने पोटच्या लेकरासारखं वाढवलं, लोकांच्या फोटोंना चौकटी करून करून ज्याचं शिक्षण केलं, स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की "आधी त्याचं होऊ दे" म्हणत टाळत आली, तो आज भरल्या ताटावर तिलाच चोर ठरवत होता! निमित्त साधं होतं. त्याला घरासाठी कर्ज हवं होतं, ताई जामीन राहणार होती आणि बँकेने चौकटींच्या दुकानाचे आयकर रिटर्न मागितले होते. आज देते, उद्या देते करत ताईने महिना काढला, आणि शेवटी आज कबूल केलं, की रिटर्न भरलेलेच नाहीत.

भावजय खाली मान घालून बसली होती. ती झुकलेली नजर ताईच्या काळजाला प्रश्नापेक्षाही जास्त लागली.

"पैसे कुठे जाणार?" ताई एवढंच म्हणाली. "तू नोकरीला लागलास ना, त्या वर्षापासून भरले नाहीत."

धाकटा ताट तसंच टाकून उठला.

पुढचं तिने सांगितलं नाही... सांगणारही नव्हती. त्या वर्षी धाकटा दुकानात तिच्या हाताखाली होता. परीक्षेच्या शिकवणीची फी भागवायला त्याने एका ठेकेदाराला सह्या करून कोरी बिलं विकली होती. ठेकेदाराने त्यांवर मनाला येतील ते आकडे घातले आणि कधी न झालेल्या कामांचा खर्च आपल्या हिशेबात दाखवला. बिलबुकातली पानं नाहीशी झालेली दिसली आणि ती ठेकेदाराकडे गेल्याचं कळताच ताईने त्याला गाठलं, तेव्हा तो हसतच म्हणाला, की तुमच्या भावानेच तर दिली. तोवर धाकट्याच्या सरकारी नोकरीचं पत्र हातात आलेलं! खरी कमाई लिहावी तर ती बिलं उघडी पडून पोराच्या नोकरीवर गदा, ती बिलं कमाईत धरून खोटं लिहायला हात धजेना... म्हणून तिने काहीच लिहिलं नाही. पुढच्या वर्षी भरावं, तर मागचं वर्ष का राहिलं म्हणून कुणी विचारील ही धास्ती. अशी वर्षं साचत गेली. ताईला यातलं काही ठाऊक नाही, या समजुतीत धाकटा सुखाने राहिला आणि तिनेही ती समजूत मायेने जपली.

त्या जेवणानंतर मात्र घराचं वारंच फिरलं. ताई स्वयंपाकघरात शिरली की नवराबायकोची कुजबुज थांबे. दुकानाच्या किल्ल्या नेहमीच्या खिळ्याऐवजी दुसऱ्याच खिळ्यावर दिसल्या. शेजारच्या काचवाल्याने सहज सांगितलं, की दुपारी तुमचे भाऊ येऊन दुकान उघडून बसले होते. ताईने घाईने खण ओढला... ते जुनं बिलबुक जागेवर नव्हतं! आता तिला शंकाच उरली नाही. बिलबुक तिच्या नावचं, दुकान तिच्या नावचं. तिला अडकवायला दुसरं काय लागणार होतं? भावजय अलीकडे न सांगता चहा आणून देई. त्यात साखर जरा जास्त पडली, तर ताईला त्या साखरेचाही संशय आला.

आपलीच माणसं आपल्याला फरफटत नेण्याआधी आपणच जावं, असं तिने ठरवलं. आणि एवढं होऊनही त्या वेड्या अंतःकरणाने दुसरंही काहीतरी ठरवलं होतं.

दुकानाचे रिटर्न पूर्वी भरून देणाऱ्या करसल्लागार बाई वयस्कर होत्या. चष्मा कपाळावर ठेवून तो टेबलावर शोधत होत्या. सगळी वर्षं भरून मोकळं व्हायचंय, असं ताईने सांगितलं. मग म्हणाली, की कोरी बिलं मीच विकली होती. बाईंनी दुकानाचं नाव पुन्हा विचारलं आणि पेनाला टोपण लावलं.

"बसा जरा. तुमचे भाऊ येतीलच इतक्यात."

म्हणजे इथपर्यंत पोचले होते तर! ताई पिशवी उचलून उठली, पण दारात धाकटा उभा होता. हातात बिलबुक, मागे भावजय.

"ताई, मी परवाच लिहून दिलंय यांना," तो म्हणाला. "बिलं मी विकली म्हणून."

"खोटं बोलतोय तो. मीच विकली."

"सह्या माझ्या आहेत, ताई. पैसे कुठे गेले म्हणून मी तुला विचारलं, आणि तू माझ्या नोकरीचं वर्ष सांगितलंस... घास उतरेना घशाखाली. तुला सगळं माहीत होतं, आणि मी तुलाच..."

भावजयीने ताईच्या हातातली पिशवी घेतली. "घराचं नंतर बघू, असं मीच म्हटलं यांना. त्या दिवशी यांनी विचारलं ना, तेव्हा मला तुमच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटली, ताई."

बाईंनी अखेर कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. आपणहून आलात हे बरं केलंत, म्हणाल्या. दंड आणि व्याज भरावं लागेल, हप्ते मागून बघू. नोकरीचं मात्र काही सांगता येत नाही.

हे ऐकलं आणि इतकी वर्षं आवरलेला ताईचा बांध फुटला. "मग मी कशासाठी गप्प बसले रे?"

"माझ्यासाठीच. पण मला आता तुझ्या आड लपून नाही जगायचं, ताई."

ताईने एकेका वर्षाच्या रिटर्नवर सही केली. धाकट्याने आपल्या जबाबावर केली, आणि दुसऱ्या दिवशी त्याची एक प्रत स्वतःच आपल्या कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं त्याला सांगण्यात आलं.

त्या संध्याकाळी तो दुकानात आला, तेव्हा ताई चौकटीच्या कोपऱ्याला सरस लावत होती. सुकेपर्यंत कोपरा घट्ट धरून ठेवावा लागतो. ते काम लहानपणापासून धाकट्याचं. तो नोकरीला लागल्यावर तिने त्यासाठी लोखंडी शिकंजा आणला होता. सवयीने ती शिकंज्याकडे हात नेणार, तोच धाकट्याने बाह्या सारल्या आणि कोपरा दोन्ही हातांनी दाबून धरला.

"हलवू नकोस," ताई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत.

"नाही हलवत, ताई."

सरस केव्हाच सुकला होता. सोड, असं ताई म्हणाली नाही आणि त्यानेही सोडलं नाही.