चिमणाबाईची खाट

निशिगंधानं फाईल टेबलावर आपटली. "दारू किती वर्षं घेतात, हे तिसऱ्यांदा इचारलंसा, डॉक्टर. माझ्या नवऱ्यानं एक घोट घेतलेला न्हाय."

तिचा नवरा कृष्णात दुधाचा टँकर चालवायचा. कोरोनात कोल्हापूरच्या दवाखान्यात तेवीस दिवस व्हेंटिलेटरवर काढून तो कागलला परतला, तेव्हा गल्लीनं ओवाळून घरात घेतलं होतं. दोन महिन्यांत त्याचे डोळे पिवळे झाले आणि अंगाला खाज सुटली.

डॉक्टरनं शेवटी स्कॅन नीट बघितला. "कोरोनाच्या त्या आजारानं पित्तनलिका जागोजागी आकसल्यात. पित्त तुंबतंय, यकृत खराब होतंय. पुढं यकृतच बदलावं लागेल."

"मग दारूचं कशाला लावलंवतं मागं?" निशिगंधा म्हणाली. डॉक्टरनं फाईल मिटून तिच्याकडं सरकवली.

खाज कातडीच्या आतली. मलमानं शमायची नाही. तिनं त्याची नखं मुळापर्यंत कापली, हातांत सुती मोजे घालून मनगटाशी गाठी मारल्या. तरी रोज दुपारी पाठीवर ताजे ओरखडे दिसायचे. दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, जिथं स्वतःचा हात पोचत नाही तिथं.

"घरात कोण येतंय? कोण खाजवतंय तुमास्नी?"

"चिमणाबाई," तो सहज म्हणाला. "दवाखान्यात शेजारच्या खाटंवरची. तिथंबी तीच खाजवायची. माझा हात उचलत नव्हता तवा."

निशिगंधाला ते नाव ठाऊक होतं. चिमणाबाईची लेक पहिल्या रात्री निशिगंधासोबत दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. कृष्णातला दाखल केलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी चिमणाबाई वारली होती.

या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर निशिगंधानं दाराला कडी घातली आणि पलंगासमोर खुर्ची ओढून बसली. कृष्णात भिंतीकडं तोंड करून, उघड्या पाठीनं पडला होता. मोजे घातलेले दोन्ही हात पोटाशी.

खरखर ऐकू आली.

पाठीवर एक पांढरी रेघ उमटली. ती लाल झाली. तिच्या शेजारी दुसरी.

निशिगंधा ताडकन उठली. भीतीपेक्षा संताप मोठा होता. "हात लावू नगंस. मरणाच्या दारातनं वडून आणलंय मी त्यांला. डॉक्टरला सोडलं न्हाय, तुला सोडीन व्हय?"

खरखर थांबली.

"हळू बोल," कृष्णात म्हणाला. "दमलीया ती."

तो भिंतीकडं आणखी सरकला.

गादीची मोकळी कड सावकाश दबली.