रिंगणाचं दार

पुढं सरका रे, आणि ते मोबाईल खिशात ठेवा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चाळीस वर्षं घोड्यांना नाल ठोकले मी, थापा मारायला सवड कुठली? जे सांगतोय ते ज्याच्यावर गुदरलं त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलंय.

डिसेंबरची अकरा तारीख, मंगळवार, रात्रीचे सव्वानऊ. घोडेस्वारीच्या शाळेचा मालक छपराखालच्या रिंगणात वाळूवर पाणी मारायला गेला. वाळू सुकली की धूळ उडते, घोडी खोकते, आणि सकाळी त्याच्या लेकीची स्पर्धा. नऊ वर्षांची पोर, एकुलती एक, त्याचा जीव की प्राण. अंधार पडल्यावर तो तिला रिंगणात पाऊल टाकू देत नसे. त्या रात्री ती हटून बसली. "बाबा, एकच फेरी! फक्त एक!" बापच तो, विरघळला.

आता रिंगणाची रीत ऐका. दार पत्र्याचं, सरकतं. अचानक उघडलं तर घोडा बिथरतो. म्हणून बाहेरच्यानं "दार!" असं ओरडायचं आणि आतल्यानं "ये" किंवा "थांब" म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही.

मालकाचा धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वी त्याच दारात गेला. घोडा अंगावर आला, जागच्या जागी खेळ खलास. "मी थांब म्हणालो, त्याला ऐकूच आलं नाही," असं मालक रडत रडत सगळ्यांना सांगायचा. आम्हीही रडलो, गाढवासारखे. शिकायला येणारी पोरं सदा धाकट्याच्या मागे, घोडेसुद्धा त्याचंच ऐकायचे, आणि याच्या पोटात दुखायचं. त्या दिवशी उधळलेला घोडा दाराकडे सुटलेला याला डोळ्यांनी दिसत होता. बाहेरून भावानं हाक दिली, "दादा, दार!" आणि हा म्हणाला, "ये."

असा माणूस! वर लोकांना दाखवायला लेकीला शिस्त लावली, "दार!" ऐकलं की उत्तर द्यायचंच. चुकली की त्या दिवशी घोडी बंद.

भाऊ गेल्यापासून हा रात्री रिंगणात असला की बाहेरून हाक यायची. "दादा, दार!" हा गप्प. उत्तर नाही, तर आत येणं नाही. मेला तरी भाऊ रीत पाळत होता.

तर पोर फेरी मारत होती. घोडी छान लयीत चालली होती. मालक पाण्याची नळी गुंडाळत होता.

बाहेर कुणीतरी येऊन थांबलं.

"दादा... दार!"

मालकानं नळी खाली टाकली. ओठांवर बोट ठेवून तो लेकीकडे वळला. तिची पाठ होती त्याच्याकडे...

"ये!" पोर म्हणाली. मोठ्यानं. शिकवल्यासारखं.

दार सरकलं. सावकाश. पूर्ण.

बाहेर कुणी नाही.

घोडी थांबली. कान ताठ. मग... दिवे गेले.

अंधारात टापा. घोडीच्या नव्हत्या त्या. जड... भरधाव... दाराकडे.

"बाबा..."

मग काहीच नाही.

दिवे आले तेव्हा घोडी पार पलीकडच्या कोपऱ्यात थरथरत उभी होती. पोर दारात पडलेली. मालकानं तिला उचललं. तिनं डोळे उघडले, बापाकडे बघितलं, आणि शांतपणे विचारलं,

"दादा, तू 'ये' का म्हणालास?"

पोर वाचली. पण त्यानंतर आजपर्यंत तिच्या तोंडातून शब्द नाही. तिनं काय पाप केलं होतं रे? मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी पोरीच्या आईनं, वहिनींनी, मला बोलावलं. पोरीच्या खांद्याखाली नालाचा वळ उठला होता. "घोडीनं लाथ मारली का, एवढंच सांगा," म्हणाल्या. घोडीचा खूर लहान. हा नाल माझ्या तळहाताहून मोठा, मागे आडवी पट्टी असलेला. तसा नाल मी आयुष्यात एकदाच केला, भावाला ज्यानं मारलं त्या घोड्यासाठी. तो घोडा त्याच आठवड्यात गोळी घालून पुरला होता, नालांसकट.

वळ अजून गेलेला नाही. त्यात डावीकडचा तिसरा खिळा तिरका दिसतो.

त्या घोड्याला नाल ठोकताना माझ्याच हातून तसा गेला होता.