चालक जागा आहे

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या, मी काही कोणाचे पाय धरायला बसलो नाही. सरफराज सेठच्या बसच्या यार्डासमोर अठरा वर्षांपासून माझी चहाची टपरी आहे. काही मी डोळ्याने पाहिलं. बाकीचं सेठने स्वतः माझ्या बाकड्यावर बसून सांगितलं.

तारीख सतरा फेब्रुवारी, दोन हजार चोवीस. वार शनिवार. जागा, अचलपूर-परतवाडा रस्त्यावरचं सेठचं यार्ड.

आणि रात्र नव्हती बरं का. दुपारचे पावणेचार वाजले होते. लख्ख ऊन होतं.

पण आधी थोडं मागे जावं लागते.

सेठकडे आज अकरा गाड्या पळतात. अमरावती, अकोला, तिवसा, कुठे म्हणाल तिथे. लग्नाच्या वेगळ्या, शाळेच्या वेगळ्या. पण दोन हजार अकरा साली त्याच्याकडे एकच जुनी गाडी होती. एक नंबर. आणि तिच्यावर एकच ड्रायव्हर, डोमाजी.

डोमाजी म्हणजे सोन्यासारखा माणूस. दारू नाही, तंबाखू नाही. एकच सवय. उजव्या... नाही, डाव्या हातात जाड अंगठी होती, ती गाडी चालवताना गिअरच्या दांड्यावरच्या गोळ्यावर वाजवत राहायची.

टक… टक… टक…

कोणी विचारलं, डोमाजी, हे काहून वाजवता? तर म्हणे, "मागच्यायले समजलं पाह्यजे ना, का ड्रायव्हर जागा आहे. मंग ते आरामात झोपते."

सतरा फेब्रुवारी दोन हजार अकरा. सेमाडोहची वरात होती. सकाळी डोमाजी सेठकडे आला.

"सेठ, ब्रेकचं पायडल खाली जाऊन राहिलं. आज गाडी नोका पाठवू. घाट आहे."

सेठ तेव्हा नवा होता, तापट होता. लग्नघरचे लोक दारात उभे होते. तो म्हणाला, "आजची फेरी मारा डोमाजी. उद्या दाखवू मिस्त्रीले."

डोमाजीने किल्ली उचलली. गाडी घेऊन गेला.

परतताना घाटात ब्रेक गेला. डोमाजीने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगाला घासत घासत नेली आणि आपल्या बाजूने दगडाला लावली. आत चौतीस वऱ्हाडी होते. कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

डोमाजी मात्र जागेवर गेला. स्टिअरिंग छातीत घुसलं होतं. हात गिअरवरच होता.

आता सेठने काय केलं ते ऐका. ब्रेकचं बाहेर आलं असतं तर धंदा तिथेच बसला असता. म्हणून पोलिसांना, वऱ्हाड्यांना, डोमाजीच्या बायकोला, सगळ्यांना त्याने एकच सांगितलं.

"डोमाजीचा डोळा लागला."

झालं. मेलेला माणूस काय सांगायला येते?

डोमाजीची बायको भागीरथा. तेरा वर्षं ती बाई खाली मान घालून बस्तीत राहिली. नळावर गेली तरी कोणी तरी म्हणायचंच, चौतीस माणसं घेऊन झोपला म्हणे. सेठच्या गाडीत तिने पुन्हा कधी पाय ठेवला नाही. कुठे जायचं तर एसटीची वाट पाहत उभी राहायची.

पोरगा धर्मपाल. त्याला सेठने यार्डात मिस्त्रीचं काम दिलं. लोक म्हणाले, सेठ दिलदार आहे.

एक नंबर ओढून आणून यार्डाच्या कोपऱ्यात निंबाखाली उभी केली. तेव्हापासून ती तिथेच आहे. आणि एक गोष्ट अशी, की लोक तिला अपशकुनी म्हणाले नाहीत. उलटं झालं. चौतीस माणसं वाचली, गाडीत बरकत आहे म्हणाले. सेठच्याही डोक्यात तेच बसलं. दोन नंबरची गाडी आली तेव्हा त्याने धर्मपालला सांगितलं, "एक नंबरचा हॉर्न काढून हिले लाव. बरकतीले."

तिथून रिवाजच पडला. गाडी नवी आली, की एक नंबरची एक वस्तू तिच्यात गेली. तीनला घंटी. चारला आरसा. पाचला दाराची कडी.

आणि गाड्या चालल्या हो. अशा चालल्या की विचारू नका.

तेरा वर्षांत एकही अपघात नाही. सेठने प्रत्येक गाडीच्या मागे पेंटरकडून लिहून घेतलं…

"निश्चिंत झोपा. चालक जागा आहे."

ज्याने जाग्या माणसाला झोपला म्हटलं, त्यानेच हे लिहिलं. लाज नावाची गोष्ट असते की नाही?

ड्रायव्हर लोक मात्र माझ्या टपरीवर बसले की हळू आवाजात बोलायचे. चार नंबरवाला म्हणे, "आरसा मागच्या सीटवर लावतो मी. दहा मिनिटांनी पायतो तं मायाच डोळ्यावर आलेला राह्यते." दोन नंबरवाला म्हणे, अकोल्याच्या रस्त्यावर जरा पेंग आली, की हॉर्न वाजते. हात न लावता.

मी हसायचो. चहा पाजायचो.

मग बारा नंबर आली. नवी कोरी, पांढरीशुभ्र. तोपर्यंत एक नंबरमध्ये काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. काच नाही, सीट नाही, नुसता सांगाडा.

उरला होता फक्त गिअरचा काळा गोळा.

धर्मपालने तो फिरवून काढला तेव्हा मी चहा घेऊन तिथेच उभा होतो. त्याने गोळा माझ्या हातावर ठेवला.

गरम होता.

सावलीतल्या गाडीतला गोळा, फेब्रुवारीची सकाळ… आणि कोणी आत्ताच हात उचलावा तसा गरम.

"धर्मपाल, हा गरम काहून बे?"

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. गोळा घेतला आणि बारा नंबरमध्ये बसवून टाकला.

बारा नंबरची पहिली फेरी, कॉलेजची सहल. जायचं सेमाडोहला. ड्रायव्हर नितेश. आणि त्या सहलीत सेठची एकुलती एक मुलगी होती, अमरीन. अमरावतीला शिकते. अब्बूच्या नव्या गाडीत पहिल्या सीटवर मीच बसणार, म्हणून हट्ट धरला तिने.

तारीख कोणाच्या लक्षात आली नाही. सेठच्याही नाही.

दुपारी पावणेचारला सेठ ऑफिसात होता. धर्मपाल बाहेर नट-बोल्टाचे पाने आवरत होता.

पहिला फोन आला तिवस्याहून. दोन नंबर.

"सेठ, गाडी थांबली."

"थांबली म्हणजे?"

"ब्रेक आपोआप लागला. सुटूनच नाही राहिला."

सेठ त्याच्यावर ओरडला. फोन ठेवला, तर दुसरा. अकोल्याहून, सात नंबर. ब्रेक लागला. सुटत नाही.

मग अमरावतीहून. मग पुन्हा अकोला. चार, नऊ, पाच, अकरा…

दहा फोन आले. दहा गाड्या, दहा रस्त्यांवर, एकाच मिनिटाला जागच्या जागी उभ्या. सेठचं ओरडणं कधीच बंद झालं होतं.

बारा नंबरचा फोन मात्र आला नाही.

सेठची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. सतरा तारीख.

त्याने नितेशला फोन लावला. लागला नाही. अमरीनला लावला. लागला नाही. घाटात रेंज कुठे असते? तो तसाच बाहेर आला.

यार्ड सामसूम होतं. निंबावरचे कावळेसुद्धा गप्प.

आणि मग…

टक… टक… टक…

कोपऱ्यातून. निंबाखालच्या एक नंबरमधून.

तिच्यात आता वाजायला काय होतं? गोळा नाही, स्टिअरिंग नाही, बसायला सीटसुद्धा नाही. पण आवाज येत होता. टपरीवरून मी ऐकला. आईशपथ ऐकला.

तेवढ्यात सेठच्या हातातला फोन वाजला. अमरीन. रेंज कशी आली, देव जाणे.

"अब्बू… ब्रेक लागून नाही राहिला. नितेशकाका पाय मारून राहिले, काहीच होऊन नाही राहिलं. आमी घाटात आहो, अब्बू…"

मागे पोरी रडत होत्या. आणि त्या रडण्यामागे, फोनमधूनही…

टक… टक… टक…

सेठ पुढे गेला आणि त्या सांगाड्यासमोर गुडघ्यावर बसला. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या कपड्यांत, ऑइलच्या चिखलात. आणि मोठ्याने बोलायला लागला.

"डोमाजी, मी खोटं बोललो. तुमी झोपले नव्हते. तुमी सकाळीच सांगतलं होतं मले ब्रेकचं. मीच पाठवलं तुमाले. माया पोरीले नोका नेऊ, डोमाजी. तुमचे पाय धरतो."

धर्मपाल पाठीमागे उभा होता. हातात पाना तसाच.

टकटक थांबली.

फोनमध्येही काही ऐकू येईना. सेठने डोळे मिटून घेतले होते. मी माझ्या मनातले सगळे देव आठवून घेतले.

मग अमरीनचा आवाज आला. अगदी बारीक.

"थांबली, अब्बू."

त्याच मिनिटाला बाकीच्या दहा गाड्यांचे ब्रेक सुटले. दोन नंबरवाल्याने नंतर मला घड्याळात पाहिलेली वेळ सांगितली.

नितेश त्या दिवसापासून ड्रायव्हिंग सोडून घरी बसला आहे. तो एवढंच सांगतो, की त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि गिअर आपोआप खाली आला. गाडी डोंगराच्या अंगाला घासत गेली आणि एका दगडाला टेकून उभी राहिली.

तोच दगड होता. एक नंबरच्या पत्र्याचा जुना निळा रंग अजून त्याच्यावर आहे. मी जाऊन पाहून आलो.

सेठ उठला. धर्मपालकडे वळला. त्याला वाटलं, आता पोरगा पाना डोक्यात घालते. पण धर्मपाल शांत होता.

"मले मायीतच होतं, सेठ."

"काय?"

"ती गाडी मीच तं खोलली. एकेक पुर्जा. ब्रेकचा पाइप फाटला होता, तो मी पहिल्याच दिवशी पायला. पण मी बोलून काय होणार होतं? पोरगा बापाची बाजू घेऊन राहिला, असंच म्हटलं असतं लोकायनं."

"मंग तिच्या वस्तू दुसऱ्या गाड्यायले काहून लावत होता तू?"

"तुमीच म्हणत होते, लाव म्हणून." धर्मपाल पाना पुसत म्हणाला. "गाडी खोलाले बसलो का बापबी तेच म्हणे."

सेठने मागे वळून सांगाड्याकडे पाहिलं.

"मले सांगून भागत नाही सेठ. मायले सांगा. बस्तीत या, चार लोकायसमोर सांगा. तुमी जितक्यायले खोटं सांगतलं, तितक्यायले खरं सांगा."

"येतो. रविवारी येतो," सेठ म्हणाला.

तो रविवार गेला. नंतरचेही गेले. आज पाहुणे आहेत, उद्या अकोल्याला काम आहे. तेरावी गाडी घ्यायचं चाललं आहे, आणि आता हे लोकांत बोललो तर गिऱ्हाईक काय म्हणेल? अरे बाबा, जा ना एकदाचा! मी तोंडावर म्हटलं त्याला. मान हलवतो आणि चहा अर्धा टाकून निघून जाते. भागीरथाबाई अजून फाट्यावर एसटीची वाट पाहत उभी राहते.

बारा नंबरमधून तो गोळा काढायला सेठने दुसरा मिस्त्री बोलावला होता. गोळा फिरला नाही. धर्मपाल म्हणतो, राहू द्या.

आता शेवटचं सांगतो. हे सेठने मला परवा संध्याकाळी टपरीवर सांगितलं.

त्याच दुपारी तो घरी जेवायला बसला. समोर अमरीन होती. जेवता जेवता त्याला आवाज आला.

टक… टक… टक…

त्याने वर पाहिलं. अमरीन डाव्या हातातली अंगठी ताटाच्या काठावर वाजवत होती. नजर खिडकीबाहेर.

"अमरीन, हे काहून वाजवून राहिली, बेटा?"

तिने ऐकलंच नाही. वाजवतच राहिली. त्याने तिचा हात धरला. हात गरम होता.

तेव्हा ती त्याच्याकडे वळली. हसली. आणि ज्या आवाजात ती बोलली, तो आवाज सेठने तेरा वर्षांपूर्वी एका सकाळी दारात ऐकला होता.

"मी जागा आहो, सेठ. तुमी जेवा."

पुढच्या क्षणी ती पुन्हा अमरीन होती. काय झालं, अब्बू, असे काहून पाहून राहिले, म्हणून विचारत होती.

एवढं सांगून सेठने चहाचे पैसे ठेवले आणि यार्डात गेला. उद्या रविवार आहे, नक्की जातो म्हणाला.

आज सोमवार आहे. काल मी दिवसभर टपरी उघडी ठेवून बस्तीच्या रस्त्याकडे पाहत होतो. सेठची गाडी तिकडे वळली नाही. आणि आज सकाळी साडेसहाला अमरीन रोजच्यासारखी बारा नंबरच्या पहिल्या सीटवर बसून अमरावतीला गेली.