मेलबाईचा राग आणि दहा वाजताची प्रत

सर्व्हर रूमचं दार मेलबाईने खांद्याने ढकललं आणि आतून बाहेर येणारी एक बाई थेट तिच्या कॉफीवर आदळली.

"अगं बाई, सॉरी!" म्हणत ती गोड हसली. गालाला खळी पडायची, मेलीच्या! मागोमाग मेलबाईचा तो सहकारी आला, खिशातून रुमाल काढला आणि दिला कुणाला, तर त्या बाईला. इथे हिच्या बाहीवरून कॉफी ठिबकत होती, ती ठिबकतच राहिली.

ऑफिसात सगळे तिला मेलबाई म्हणत, कारण मेल सर्व्हर तिच्या ताब्यात. तो बॅकअपवाला. मेलच्या डेटाबेसच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, तो काढायचा. कुणाचे मेल उडाले की त्या प्रतींवरून परत आणायचं काम दोघांचं. रीत ठरलेली — तो शेजारी बसून एकेक पायरी वाचणार, ती बटण दाबणार. त्याचं ते सावकाश वाचणं ऐकता ऐकता ती कधी प्रेमात पडली, तिचं तिलाही कळलं नाही. आणि आता नवीन मशीन शिकवायला ही खळीवाली पाहुणी आली होती. आठवडाभर काचेच्या खोलीत दोघांचं खुसुरपुसुर चाललेलं!

दुपारी हिशेब खात्यातले काका धापा टाकत आले. "पोरी, माझं अख्खं फोल्डर उडालं गं!"

तिने काचेवर टकटक केली. "दहा वाजताच्या प्रतीवरून काकांचं फोल्डर आणायचंय."

"आलोच... जरा थांब."

"राहू द्या. तुम्ही पाहुणचार करा. मी बघते माझं."

तो चमकला. ती चिडली की 'तुम्ही'वर येते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खरं तर जुनी प्रत बाजूला उघडायची आणि तिच्यातून हवं तेवढंच उचलायचं असतं. चालू डेटाबेसवर ती ओतायची नसते. पण काचेपलीकडे पाहुणीने त्याला टाळी दिली... आणि मशीनने विचारलेलं 'नक्की?' न वाचताच मेलबाईने 'हो' दाबलं.

काकांचं फोल्डर आलं. पण दहानंतर आलेले सगळ्या ऑफिसचे मेल गायब! आता तिची नोकरी तर जाणारच होती, आणि वर हा येऊन कीव करणार होता.

तो आलाच. स्क्रीनवर वाकला.

"चालूवर ओतलंस?"

"हो! घाला काय शिव्या घालायच्या त्या."

"सरक जरा." त्याने खुर्ची ओढली आणि सर्वांत ताजी प्रत दाखवली. "तू बटण दाबायच्या जरा आधी मी ही घेतलीये."

"कुणी सांगितलं होतं?"

"तुझ्या नाकाने. लालबुंद झालं होतं. रागात असलीस की तू आधी दाबतेस, मग वाचतेस."

तिला हसूही आलं आणि रडूही. मग तो वाचत गेला, ती दाबत गेली. हळूहळू सगळे मेल परत आले.

"आठवडाभर काय खुसुरपुसुर चाललं होतं?" तिने स्क्रीनकडे बघतच विचारलं.

"तुझा सर्व्हर बंद न करता प्रत कशी घ्यायची, ते शिकत होतो. बंद केला की तू दिवसभर माझ्याशी बोलत नाहीस."

"आणि टाळी?"

"आज जमलं ना! हीच ती प्रत."

"तरी मला नाही आवडलं. तू तिच्याशेजारी बसलास की माझी नुसती आग आग होते. कारण... कारण मला तू आवडतोस, समजलं?"

त्याचे कान लाल झाले. "मग मी हे सगळं कुणासाठी शिकत होतो — काकांसाठी?"

एवढ्यात पाहुणीने काचेपलीकडून त्याला हाक मारली. तो उठणार, तोच मेलबाईने टेबलाखाली त्याचा हात घट्ट धरला. जरा विचार केला. मग तो हात तसाच वर घेतला आणि काचेतून नीट दिसेल असा टेबलावर ठेवला.