स्टेशनमास्तरच्या घराचं छप्पर

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या धाकट्या मामांच्या घरात घडलेली आहे, आणि ते छप्पर मी स्वतः चाचपून पाहिलंय. खोटं वाटलं तर वाटू दे. वाद घालायचं त्राण ना मामांत आहे, ना माझ्यात.

आणि असलं काही रात्रीच घडतं असं म्हणतात ना? हे भर दुपारी झालं. रविवारी. मागच्या खोलीत.

त्या खोलीत मामांची छोटी रेल्वे आहे. मोठ्या प्लायवुडवर रूळ, थर्माकोलचे डोंगर, हिरव्या रंगात बुडवून वाळवलेल्या भुशाचं गवत. घरं, गोदामं, पूल... सगळं मामा पुठ्ठ्यातून स्वतः कापायचे. कोणी खेळणं म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं.

मामी शेजारच्या खोलीत पडून असायची. उजवं अंग गेलेलं. काही हवं असलं की डाव्या हाताने चमचा ग्लासावर वाजवायची.

टिंग... टिंग...

"आलो गं," म्हणत मामा उठायचे. भरवणं, औषध, कूस बदलणं, सगळं त्यांनीच केलं. वर्षानुवर्षं. माणूस पार पिचून गेला, पण कधी कुरकुर नाही.

फक्त एकदा ते लगेच उठले नाहीत.

त्या दिवशी ते स्टेशनमास्तरच्या घराचं छप्पर बसवत होते. या उतरत्या छपरांची एक खोड असते. गोंद वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून धरावं लागतं. मध्येच सोडलं की घसरलंच.

टिंग... टिंग...

"थांब गं जरा. गोंद ओला आहे."

"सावकाश या," मामी आतून म्हणाली.

छप्पर बसलं. मामा आत गेले, तेव्हा मामी गेलेली होती.

डॉक्टर म्हणाले, आधी गेला असतात तरी काही फरक पडला नसता. मामांनी मान डोलावली. पटलं मात्र नाही. घरी येऊन त्यांनी ते छप्पर उचकटून काढलं.

तेव्हापासून त्यांची झोप उडाली. जरा डोळा लागायचा... की दचकून जाग. कान सारखे शेजारच्या खोलीकडे.

"मामा, सोडा आता तो नाद," मी म्हटलं.

"एवढं एक घर पुरं करतो. नाहीतर मास्तर भिजेल बिचारा."

हसले, पण चेहरा ओढलेला. ते छप्पर बसलं की आपल्यालाही झोप लागेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आणि तिथेच सगळं सुरू झालं.

गोंद लावून छप्पर धरलं, की...

टिंग... टिंग...

मामा छप्पर टाकून धावायचे. पलंग रिकामा. चादर सपाट. परत येईपर्यंत छप्पर घसरलेलं.

एकदा नाही, दरवेळी.

शेवटी त्यांनी मला फोन केला. "मामीचा ग्लास कुठे ठेवलास गं?"

"ग्लास आणि चमचा दोन्ही माझ्याकडे आहेत, मामा. मामी गेली तेव्हाच आणले. का?"



"मग वाजतंय काय?"

तो रविवार आला. मामा इतके थकले होते, की ती टिंग टिंग ऐकू आली तरी त्यांना धावता आलं नाही. धरलेलं छप्पर त्यांनी सोडलं. सावकाश उठले, मामीच्या पलंगाच्या कडेला टेकले.

"आलो गं," ते म्हणाले. "त्या दिवशीच यायला हवं होतं. चुकलं माझं."



मामा तिच्या उशीवर डोकं ठेवून आडवे झाले... आणि गाढ झोपले. किती दिवसांनी.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. छप्पर घसरलं असणार, पुन्हा पहिल्यापासून सगळं, असं मनाशी म्हणतच ते मागच्या खोलीत गेले.

छप्पर जागेवर होतं.

सरळ. घट्ट.

मामांनी मला बोलावून घेतलं. छपराच्या कडेने गोंद जरा बाहेर आला होता, आणि त्यात बोटांचे ठसे वाळले होते. मामांची बोटं केवढी जाड. मी माझं बोट लावून पाहिलं. ठसा माझ्या बोटाहूनही बारीक.

ठसे दोन्ही बाजूंना होते.

दोन्ही हातांचे.

मामांनी त्या ठशांवरून बोट फिरवलं. "म्हणजे हात बरा झाला तिचा," ते हळूच म्हणाले, आणि रडू लागले.

आता मामा शांत झोपतात. माझीच झोप गेली आहे.

परवा दुपारी मी गेले, तेव्हा ते मामीच्या खोलीत घोरत होते. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. समोरच नवी सिग्नल केबिन. छपराच्या कडेला गोंद चकाकत होता... ओला.

छप्पर घसरत नव्हतं.

मी आत पाऊल टाकलं नाही. दार हळूच ओढून घेतलं आणि तशीच घरी आले.