बिफोरचा फोटो

अकरा वर्षांनी यशोधरा भेटली तेव्हा माझं तोंड उघडं होतं.

म्हणजे खरोखरच उघडं. कामशेतच्या एका छोट्या दवाखान्यात, त्या मागं झुकणाऱ्या खुर्चीत मी आडवा. डोळ्यांवर दिवा, गालात कापसाचा बोळा. बाहेर पावसाची भुरभुर चाललेली. दार वाजलं, मास्क लावलेली एक डॉक्टर आत आली. केस पेपर बघितला... आणि थांबली.

"विक्की? टाकव्याचा?"

मी "आँ" म्हणालो. दुसरं काही म्हणताच येत नव्हतं.

मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते. पण डावी भुवई वर गेली आणि मला कळलं. वर्गात गणित चुकलं की हीच भुवई अशीच वर जायची. 

"बोलू नकोस," ती म्हणाली. "शाळेत लय बोलायचास. आज बोलायची पाळी माझी."

तिची आई आमच्या गावात नर्स होती, म्हणून ती टाकव्याच्या शाळेत. माझ्या पुढच्या बाकावर बसायची, दोन वेण्या, डब्यात कायम लिंबाचं लोणचं. माझे वडील केरबा लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीवर होते. सोमवारी मी दप्तरात मोडक्या चिक्कीची पुडी न्यायचो. पुडी फिरत फिरत पुढच्या बाकावर जायची आणि रिकामी परत यायची. कधी कधी कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, "तिळाची का नाही आणली?" ते कागद मी बरेच दिवस जपून ठेवलेले. मग घर बांधताना गेले कुठंतरी.

तर दाताचं सांगतो.

समोरचे दात माझे पिवळट, झिजलेले, आणि वरचा एक तिरका तुटलेला. दहावीपासून मी तोंड उघडून हसत नाही. लग्नाच्या बायोडाटासाठी तीनदा फोटो काढला, तिन्हीत ओठ मिटलेले. शेवटी आई म्हणाली, "आसा तोंड मिटून बसतोस, पोरीकडचं इचारत्यात पोरगा मुका हाय का." म्हटलं, आता काहीतरी करायचंच.

आधी लोणावळ्यातल्या एका चकाचक दवाखान्यात गेलतो. तिथं त्यांनी कंप्युटरवर माझा चेहरा दाखवला, दहा पांढऱ्याफेक दातांसकट. व्हेनिअर म्हणतात त्याला. दाताच्या तोंडावर नखाएवढा पातळ पापुद्रा चिकटवायचा. दोन वेळा यायचं, काम खलास. मला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पडद्यावरचा मी बराच वेळ बघत बसलो. होतो मीच, पण लग्नाच्या बॅनरवरचा वाटत होतो. खोटं कशाला बोलू, आवडला मला तो.

पण आता मी त्याच चिक्कीच्या भट्टीवर काम करतो, तिथं अंबाजीकाका आहेत. ते म्हणाले, एकाच दुकानात बघून कुणी शर्टबी घेत नाही. आणि स्वतःची कवळी काढून दाखवली. कामशेतची होती.

अशी ती कामशेतची खुर्ची.

यशोधरानं तपासलं, बोळा काढला आणि प्रश्न सुरू केले. रात्री दात खातोस का, हिरड्यांतून रक्त येतं का, तंबाखू? सगळ्याला नाही म्हणालो. मग म्हणाली, "काम काय करतोस?"

तिच्या कोटावर नावाच्या आधी डॉक्टर लिहिलेलं. माझ्या नखांत गूळ. तो मी मुठीत लपवला आणि म्हणालो, "दुकानात असतो. काउंटरला."

"आणि हा दात कसा तुटला?"

"पडलो... गाडीवरून."

तिनं दोन्ही लिहून घेतलं. पेन जरा सावकाश चालला, असं वाटलं मला.

मग तिनं नीट समजावलं. व्हेनिअर बसवायला दात समोरून घासावा लागतो. "एकदा घासला की तो परत उगवत नाही, विक्की. मग जन्मभर त्याच्यावर काहीतरी बसवलेलंच ठेवावं लागतं. दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागतं. आणि समोरच्या दातांनी कडक काही तोडायचं नाही. कधीच. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो.

"कुणासाठी करतोयस एवढं?"

"लग्नाच्या फोटोसाठी."

तिची भुवई खाली आली. "ठरलं का?"

"इथं फोटो ठरेना, मुलगी कुठनं ठरायला."

मास्कच्या आत ती हसली. डोळ्यांच्या कडेला बारीक रेघा आल्या. शाळेत त्या नव्हत्या... म्हणजे मधली अकरा वर्षं ती कुठंतरी, कुणाबरोबर तरी भरपूर हसली होती. मला उगाच वाईट वाटलं.

ती म्हणाली, आज घासायचं काही नाही. दाताला हात न लावता वरून तात्पुरता थर देते, दोन दिवस वापरून बघ, आरशात बघ, आईला दाखव, मग ठरव. तासाभरानं तिनं आरसा हातात दिला. मी हसून बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. तिनं मान तिरकी करून नुसतं "हं" केलं. ते चांगलं का वाईट, काही कळलं नाही.

घरी जाताना अख्खा रस्ता तोंड उघडं ठेवून गाडी चालवली. भुरभुर दातांवर येत होती. आईनं बघितलं आणि म्हणाली, "ग्वाड दिसतुयास. पर वळखू येत न्हाईस."

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी.

चिक्कीत सगळा खेळ पाकाचा असतो. कढईत गूळ उकळतो, रंग चढतो, आणि एक क्षण असतो. त्याच्या आधी दाणे टाकले तर चिक्की दाताला चिकटते, नंतर टाकले तर कडू होते. तो क्षण कळायला पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी होते, ती समोरच्या दातांत धरून तोडायची. कट् वाजलं की झालं. वडिलांनी मला असंच शिकवलं. भट्टीवर आता हे काम माझं, दुसरा कुणी करत नाही. दिवसातून वीस-पंचवीस वेळा करतो मी ते. हात आपोआप चालतो. गोळी उचलली, दातांत धरली...

कट् वाजलं. त्या दिवशी दोनदा वाजलं.

गोळी थुंकून बघितली तर तिच्यात माझे दोन पांढरे दात रुतलेले. अंबाजीकाकांनी वाकून बघितलं. "पाक झाला," ते म्हणाले. "दातबी झालं."

संध्याकाळी ती गोळी चिक्कीच्या कागदात बांधून दवाखान्यात गेलो. पेशंट संपले होते. मी पुडी तिच्यापुढं ठेवली. तिनं उघडली, दिव्याखाली धरली.

"काउंटरला असतोस ना तू?"

मी मुठी आवळून टेबलाखाली नेल्या.

"काल खुर्चीत बसलास तेव्हाच वास आला मला," ती म्हणाली. "गुळाचा. शाळेत तुझ्या शर्टाला यायचा, तोच. काउंटरवर उभं राहून तो येत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"पेशंटनं आपणहून सांगावं म्हणून. तात्पुरते लावले ते काय उगाच?" तिनं पुडी बंद केली. "आता सांग. भट्टी सोडणार असशील तर करू व्हेनिअर. सोडणार आहेस?"

खरं सांगतो, एक मिनिट मी तो पडद्यावरचा बॅनरवाला आठवला. मग वडील आठवले, हातात गोळी घेऊन माझ्या तोंडापुढं धरणारे. म्हणालो, तो आवाज मला कानांनी नाही, दातांनी ऐकू येतो. तो गेला तर माझ्याकडं दुसरं काही नाही.

तिनं मान हलवली, जशी काही हेच ऐकायचं होतं तिला. म्हणाली, सगळे साफ करून घेऊ आणि तुटलेला तेवढा भरू. तो भरलेला तुकडा कधी पडला तर परत भरता येतो, दाताचं नुकसान काही नाही. मग माझ्या दातांवरचा उरलेला थर तिनं काढून टाकला आणि केस पेपर पुढं ओढला.

"आता दुसरं. गाडीवरून पडून दात तुटला तर ओठावर खूण राहते बहुतेक वेळा. तुला नाही. कसा तुटला?"

बाहेर भुरभुर वाढली होती. मी तिकडं बघत सांगितलं. नववीची लोहगडाची सहल. गडाच्या विंचूकाटा माचीवर वारा... तुझा डबा खाली राहिलेला. माझ्याकडं शेंगदाण्याची एकच वडी होती, जाड, हातानं तुटेना. तू म्हणालीस अर्धी दे. मी दातांनी तोडली.

मग तिनं मास्क काढला. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा अख्खा चेहरा दिसला. मोठी झाली होती आणि तीच होती.

"मोठा तुकडा मला दिला होतास," ती हळू म्हणाली. "तुझा तू खाल्लाच नाहीस. मला वाटलं, रोज खाऊन कंटाळला असशील."

"चावताच येत नव्हतं."

हसलो नाही आम्ही. मग माझ्या आत अकरा वर्षं अडकलेलं ते बाहेर पडलंच. "मग निरोपाच्या दिवशी का हसलीस माझ्या दाताला? ग्रुप फोटोच्या वेळी? मागं वळून बघितलंस आणि फसकन हसलीस. तेव्हापासून मी..."

"दाताला?"

तिनं हातातला पेन खाली ठेवला.

"तू दोन वर्षं माझ्याशी दुसरीकडं बघून बोलायचास, विक्की. चिक्कीपण दुसऱ्याच्या हातानं पाठवायचास. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसलास. मी काय करायला हवं होतं? रडायला?" ती थांबली. "पुढच्या आठवड्यात आईची बदली झाली. बारामतीला. म्हटलं, जाऊ दे... एकदा तरी हसला."

डोक्यावर पंखा फिरत होता. अकरा वर्षं मी तोंड मिटून बसलो होतो. कशासाठी, ते त्या पंख्याला विचारावंसं वाटलं.

तिनं केस पेपरवरचं "गाडीवरून पडून" खोडलं. वर काय लिहिलं ते दाखवलं नाही.

"फिलिंग उद्या आमचे मोठे डॉक्टर करतील," ती म्हणाली.

"तू का नाही?"

"माझा हात हलेल."

मुठीतली नखं सोडली, गुळासकट, आणि हात टेबलावर ठेवला. तिनं बघितलं. मग आपला हात शेजारी ठेवला, लागेल न लागेल असा.

"यायच्या वेळी तिळाची आणशील?" ती म्हणाली. "कितीदा लिहून पाठवलं होतं."

"वाचलं होतं," मी म्हणालो. "आणली की पुडीवर लिहिणं बंद करशील, म्हणून आणली नाही."

तिची डावी भुवई वर गेली, आणि गेली ती खाली येईना.

"बरं, ऊठ. काम सुरू करायच्या आधीचा फोटो लागतो. बिफोरचा. नियम आहे दवाखान्याचा. भिंतीला टेक आणि हस."

मी भिंतीला टेकलो. ओठ आपोआप मिटले.

"तसा नको," ती म्हणाली. "निरोपाच्या दिवशीचा."

मी हसलो. तुटका, पिवळा, सगळा.

दवाखान्याचा कॅमेरा टेबलावर तसाच पडला होता. फोटो तिनं काढला तो स्वतःच्या मोबाइलमध्ये.

घरी आल्या आल्या आईनं विचारलं, "काढला का फोटू?"

"व्हय."

"दाव की मग."

"माझ्याकडं न्हाई, आई," मी म्हणालो. "पोरीकडं गेला."